निशाण वर येईल ते शहर

९ फेब्रुवारी, सोमवार

लिनिया,

ऑक्टोबरपासून तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. पोस्टाची पेटी कुणाला अशी बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं तर फाड, पण आधी कामाचं वाच.

तुझे बाबा काल दुकानात आले होते. हो, मी अजून त्याच गळ-आमिषाच्या दुकानात आहे. बोटाएवढे जिवंत मासे पाण्यासकट पिशवीत भरून देतो आणि वर गाठ मारतो. कॉलेजचं विचारू नकोस. सगळं गाव विचारून झालंय.

तर ते आले आणि गळांच्या खणासमोर उभे राहिले. तसले गळ त्यांच्याकडे दोन डबे भरून असतील. शेवटी मीच गेलो.

“मिस्टर बर्गक्विस्ट, काही देऊ?”

“ड्वेन म्हण. किती वर्षं सांगतोय.”

“काही देऊ का, ड्वेन?”

“काही नको.”

मग एक गळ उचलून परत ठेवत म्हणाले, “फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही बर्फावर आहोत. मला चार भोकं पाडायची सवय झालीय. तीनच पाडली की काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.”

“म्हणजे मी येऊ?”

“मी भोकांबद्दल बोलतोय.”

आणि दारातून जाता जाता: “लिनियाच्या शहराचं नाव मागवायला हवं. ती नसली तरी तिचा दोर पाण्यात हवा. तो सांभाळायला कुणीतरी लागेल.”

हे कामाचं. तू सव्हानात असलीस तरी तुझा दोर इथल्या तळ्यात सुटणार आहे. शहराचं नाव कळव. मला नको, त्यांना कळव.

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण दुकानात गिऱ्हाईक नाही, बाहेर उणे वीस आहे आणि मला ती पहिली वेळ आठवतेय. गोठलेल्या तळ्यावरच्या तुमच्या त्या झोपडीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं होतं, दुपारच्या जेवणाला मासे आहेत. मी लिंबू घेऊन आलो होतो. मार्लिसआत्या त्या लिंबाकडे बघत म्हणाल्या, “पोरा, आज आम्ही शहर पकडायला बसतो. मासा काय, मासा परत जातो.” मग समजलं. चार भोकं, चार दोर, प्रत्येकावर एक नारिंगी निशाण. मासा दोर ओढतो आणि आडवं निशाण टणकन उभं राहतं. ज्याचं निशाण पहिलं उभं राहील त्याच्या शहरी मार्चमध्ये सगळ्यांनी वसंत बघायला जायचं. गाडीने दोन दिवसांत पोचता आलं पाहिजे. दोराला मासा असला पाहिजे, वाऱ्याने उडालेलं निशाण बाद. आणि लागलेलं शहर कुणी नाकारायचं नाही.

तुम्ही तिघं पटापट बोललात. तू मेम्फिस, आत्या सॅन अँटोनियो, बाबा टल्सा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागलात, आणि मी जन्मात कुठे गेलो नव्हतो, तर तोंडातून निघालं, “ओमाहा.”

आत्यांच्या नाकातून कॉफी आली होती. “थंडीतून पळून ओमाहाला? अरे, मग डीप फ्रीझरमध्येच बसू की!”

आणि पहिलं निशाण माझंच उभं राहिलं. आणि तुम्ही आलात! एकानेही कुरकुर केली नाही. तिथे पोचलो तर बर्फ पडत होता. तुझ्या बाबांनी सगळ्यांना त्या प्राणिसंग्रहालयात नेलं, काचेच्या घुमटाखाली वाळवंट केलंय तिथे. त्यांनी कोट काढला, नीट घडी घालून मांडीवर ठेवला आणि बाकावर डोळे मिटून बसले. “काय करताय?” तू विचारलंस. “वसंतात बसलोय,” ते म्हणाले. तू माझ्या खांद्याला टेकलीस. तुझी लोकरीची टोपी गुडघ्यावर वाळत होती, तिला ओल्या कुत्र्याचा वास येत होता.

त्यानंतर मी खरा वसंत पाहिला, तुझ्या सव्हानात. ते ओक, ती फुलं. पण कुणी वसंत म्हटलं की मला आधी ती टोपी आठवते.

रुडी

१७ फेब्रुवारी, मंगळवार

लिनिया,

तुझं कार्ड आलं. मला नव्हे, तुझ्या बाबांना, ते बरोबरच आहे. आत्या ते घेऊन दुकानात आल्या आणि लांबून दाखवलं, जसं कुत्र्याला बिस्किट दाखवतात. “वाच, पण हात लावू नकोस. तू वास घेत बसशील.”

‘चॅटनूगा. सर्वांना प्रेम. लि.’

‘सर्वांना’मध्ये मी येतो का, हे मी आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “येत असतास तर विचारावं लागलं नसतं.”

मग मी नकाशा काढून बसलो. चॅटनूगा तुला तिकडून अर्ध्या दिवसावर आहे, तुझ्या घरच्यांना दोन दिवसांवर. म्हणजे तू येणार आहेस. तुझं निशाण उठलं तर येणार आहेस. आणि दुसऱ्याचं उठलं तर? सॅन अँटोनियोला तू तुझ्या ओकांना सोडून येशील? टल्साला?

दुकानात सगळे याच गप्पा मारतात. फेब्रुवारी संपत आला की गावाला दुसरं काही सुचत नाही. बर्फ उकरणारा हार्लन म्हणतो, फ्लोरिडात बेसबॉलचा सराव बघायला जा, शहर कुठलंही घे. पोस्टातली व्हर्ना म्हणते, टूसॉन, कारण तिथे निवडुंग असतात, बर्फाला फावडं मारावं लागत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपलं शहर म्हणजे स्वर्ग आणि दुसऱ्याचं म्हणजे पार्किंगचं मैदान. मी ऐकतो आणि गाठी मारतो. मी कुठलं नाव घेणार ते माझं ठरलंय.

सव्हाना.

चिडू नकोस. नियमात बसतं. एका शहरी दोनदा जायचं नाही असं कुठे म्हटलंय? माझं निशाण उठलं तर तुला कुठेही यावं लागणार नाही, आम्हीच येऊ. मला फक्त त्या चौकात, त्या बाकावर, जिथे गेल्या मार्चमध्ये तू मान वर करून ओकाकडे बघत राहिलीस आणि मी बोलत असलेलं एक अक्षर ऐकलं नाहीस, तिथे पुन्हा एकदा बसायचंय. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू परत आलीस तरी परत आलेली नाहीस.

आणि मग तिथेच धरलेली ती झाडावर चढायची नोकरी. दोरावर लटकून फांद्या कापायच्या. आणि मी खाली.

रुडी

२२ फेब्रुवारी, रविवार

लिनिया,

तुझा बाप खोटारडा आहे.

हे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे. मी अजून बूटसुद्धा काढलेले नाहीत.

सकाळी गेलो. बाबांनी गिरमिटाने तीन भोकं पाडली. चौथ्यासाठी त्यांनी गिरमिट माझ्या हातात दिलं, हे मला फार बरं वाटलं होतं. आत शेगडी पेटली होती. आत्यांचं हॉटडिश, म्हणजे ते भट्टीत भाजलेलं बटाट्याचं कालवण, आणि घागरीएवढी कॉफीची बाटली. नावं घेतली. आत्या: सॅन अँटोनियो. बाबा: टल्सा. तुझ्यासाठी मी मोठ्याने: चॅटनूगा. मग माझं.

“सव्हाना.”

शेगडीचा आवाज ऐकू आला.

“तिथे गेल्याच वर्षी जाऊन आलो,” आत्या म्हणाल्या.

“दोनदा जायचं नाही असा नियम आहे का?”

बाबा खिडकीतून निशाणांकडे बघत होते. “नाही,” ते म्हणाले. “नियम नाही.”

पत्ते खेळलो. आत्या पानं टाकता टाकता म्हणाल्या, “सव्हानाला यंदा काय वाजवणार आहेस, रुडी? हॉर्न की ढोल?” मी माझं पान टाकलं. गेल्या ऑक्टोबरात मी कॉलेज सोडून तडक गाडी हाणली तिथपर्यंत, आणि तू झाडावर होतीस आणि उतरत नव्हतीस, म्हणून वाजवला हॉर्न. सगळा रस्ता बाहेर आला होता. त्यांना हे तू सांगितलंस का? सांगितलंस. बरं केलंस.

आणि मग निशाण उठलं. माझं.

मी झोपडीचं दार जवळजवळ बिजागरीसकट घेऊन बाहेर पडलो. बाबा माझ्यामागून आले. ते गुडघ्यांवर बसले, हातमोजे काढले आणि हातांनी दोर ओढायला लागले. दोर जड येत होता. पाईक मासा निघाला, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतचा, तोंडात गळ, शेपटी फटाफट. बाबांनी त्याला दोन्ही हातांत धरला आणि बघत बसले. मी ओरडत होतो काहीतरी. सव्हाना, सव्हाना, असंच असेल.

“वाऱ्याने उडालं,” बाबा म्हणाले.

“काय?”

“निशाण. वाऱ्याने उडालं.”

“मासा तुमच्या हातात आहे!”

“हा मागाहून लागला असेल.”

लिनिया, मासा त्यांच्या हातात तडफडत होता! त्याच्या शेपटीचं पाणी त्यांच्या चष्म्यावर उडत होतं आणि हा माणूस, ज्याने नियम म्हणून ओमाहात बर्फात सुट्टी काढली, तो माझ्या तोंडावर वारा म्हणत होता. मी आत्यांकडे बघितलं. त्या किनाऱ्याकडे बघत होत्या, तिथे काही नव्हतं.

“टल्साला जायचंय म्हणून करताय तुम्ही हे!” मी म्हणालो. “इतकी वर्षं तुमच्या टल्साला मासा लागत नाही, म्हणून!”

त्यांनी गळ सोडवला, मासा भोकात सोडला, हात मांडीला पुसले. मग उठून आपल्या भोकापाशी गेले आणि आपला दोर गुंडाळायला लागले. सगळा. निशाण काढून बगलेत मारलं.

“माझंही यंदा नको,” म्हणाले. “टल्सा बाद.”

मी आमिषाच्या बादलीला लाथ घातली. बोटाएवढे सगळे मासे बर्फावर पसरले आणि मी चालत निघालो, गाडी तिथेच टाकून. मागून आत्यांची हाक आली, “रुडी! अरे वेड्या, टोपी तरी घाल!” वळून बघितलं तर बाबा वाकून एकेक मासा उचलून बादलीत टाकत होते. आणि पलीकडे एक निशाण वर उठलेलं होतं. कुणाचं ते लांबून कळलं नाही.

आता आत्यांचा निरोप आला. तुझं होतं. चॅटनूगा.

हे पत्र मी टाकणार आहे. थंड झालो की टाकणार नाही, म्हणून आत्ताच.

१ मार्च, रविवार

लिनिया,

ते पत्र तुला मिळालं असेल. त्यातलं पहिलं वाक्य आता खोडता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

झोपड्या तळ्यावरून हलवायची मुदत जवळ आली. मी जाणार नव्हतो. सकाळी बाबांची गाडी माझ्या खोलीखाली येऊन उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. इंजिन चालू. शेवटी मीच खाली गेलो.

“हॉर्न वाजवायचात की,” मी म्हणालो.

“एका घरात एक पुरे,” ते म्हणाले. हसले नाहीत, पण त्यांनी माझ्यासाठी हीटर माझ्या बाजूला वळवला.

झोपडीचे पाय बर्फात रुतले होते. आम्ही पहारीने मोकळे केले. कडांवर बर्फ पाणावलेला, काळा. दोघं खाली पालथे पडून काम करत होतो, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, ते बोलले.

“कॉलेज सोडलंस ते सोडलंस. डोकंही तिथेच ठेवून आलास का?”

“मासा होता, ड्वेन.”

“होता. चांगला होता.”

“मग?”

पहार थांबली.

“सव्हानाला गेलो असतो. तिच्या दारात उभे राहिलो असतो, तू, मी, मार्लिस, हातात केकचा डबा. तिने दार उघडलं असतं. ‘या, बसा, कॉफी घेणार?’ म्हणाली असती. तुलाही म्हणाली असती. आम्ही तिला तसंच वाढवलंय, ती दुसरं काही करूच शकली नसती. तुला तेच हवंय का? तिने तुला कॉफी विचारावी?”

मी हातमोज्यावरचा बर्फ झटकला.

“माझी मुलगी मला हो म्हणते तेव्हा मला कधीच कळत नाही, ते खरं हो आहे की आमच्या गावाचं हो आहे,” ते म्हणाले. “चॅटनूगाला ती आली तर तिला यायचंय म्हणून येईल.”

मग पुन्हा पहार सुरू. थोड्या वेळाने म्हणाले, “तेवीस वर्षांत एकदाच खोटं बोललो या तळ्यावर. टल्सा त्यात गेलं. बघितलं असतं एकदा.”

“का पण टल्साच?”

“लहानपणी रेडिओवर रात्री ते स्टेशन लागायचं. हवामान सांगायचे. आमच्याकडे वादळ, आणि तो माणूस म्हणायचा, उद्या झाडांना कळ्या येतील.”

आम्ही झोपडी ओढून किनाऱ्यावर आणली. त्यांनी विचारलं, “चौदा तारखेच्या शनिवारी पहाटे निघतोय. गाडीत चौघांची जागा आहे. येतोस?”

मी हो म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो की तळ्यावरचे बाकीचे लोक बघायला लागले.

रुडी

१३ मार्च, शुक्रवार

लिनिया,

हे आत्यांच्या पर्समध्ये देतोय. पोस्टाने पोचायला वेळ नाही.

मी येत नाहीये.

पिशवी भरून झाली होती. ती पांढऱ्या शर्टांची जोडी, इस्त्री करून. चॅटनूगाचा नकाशा तोंडपाठ. नदीवरचा तो फक्त चालायचा पूल. त्यावर तू समोरून येशील आणि मी काय म्हणेन, हे मी दुकानात सबंध आठवडा मनाशी म्हणत होतो. हार्लनने विचारलं, “कोणाशी बोलतोस?” मी म्हणालो, माशांशी.

आज दुपारी दुकान बंद करताना एकदम लक्षात आलं. मी आलो तर तू बाबांना भेटायला आलीयस की मला, की मला टाळून बाबांना, की बाबांसाठी मला, हे कुणालाच कळणार नाही. तुला पण नाही. तू पुलावर सगळ्यांशी सारखं हसशील. मला ते हसू माहीत आहे, दुकानात मीही रोज तेच वापरतो.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या केक कागदात गुंडाळत होत्या.

“काय झालं? ताप?”

“नाही.”

“भांडलास पुन्हा?”

“नाही. नाही येत. एवढंच.”

त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक बघितलं. “अरे, तू एवढं शहाण्यासारखं वागू नकोस रे. भीती वाटते.” मग केकचा एक तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला आणि तोंड फिरवून बाकीचा गुंडाळत राहिल्या. बाबांनी मागच्या सीटवरची माझी जागा मोकळी ठेवली आणि तिथे उशी टाकली.

हे तुला सांगितलं की मी फार मोठं काही केल्यासारखं होतं, तेही कळतंय. पण सांगितलं नाही तर तू पुलावर इकडेतिकडे बघत राहशील. किंवा राहणार नाहीस. दोन्ही मला झोपू देणार नाही.

केकात दालचिनी आहे. तुला आवडते तशी.

रुडी

२६ मार्च, गुरुवार

लिनिया,

मार्लिसआत्या परत आल्या त्या दिवशी मी त्यांच्या दारात त्यांच्याआधी उभा होतो. त्यांनी गाडीतून उतरायलाही वेळ घेतला, मुद्दाम.

“आली होती,” म्हणाल्या. “दोन दिवस राहिली. ड्वेनशी त्या पुलावर तासन्‌तास. झाडं बघत. तो बापुडा माना हलवत होता, एक झाड त्याला ओळखता येत नाही.”

“आणि?”

“आणि काय? उन्हं होती. फुलं होती. मी माझे पाय नदीत घातले.”

“आत्या!”

“तुझी सगळी पत्रं वाचलीयत तिने. खोटारडा वालं पण. हसत होती त्यावर, मग रडली, मग पुन्हा हसली. आणि एक विचारलंय तुला. म्हणाली, रुडी एवढ्या शहरांची नावं घेतो, सव्हाना, चॅटनूगा, त्यातलं त्याला स्वतःला जायचंय असं कुठलं? त्याला विचार, मी कुठेच नसते तर तो कुठे गेला असता?”

एवढंच. तू दुसरा निरोप दिला नाहीस. मी आत्यांना तीनदा विचारलं. त्यांनी शेवटी मागच्या सीटवरची ती उशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आत नेऊन ठेव.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. हा काय प्रश्न झाला? मी घरी जाऊन तुला चार पानं लिहिली आणि फाडली. मग नकाशा काढला. एकेक शहर घेतलं आणि त्यातून तुला बाजूला करून बघितलं. मेम्फिस: राहिलं नाही काही. सॅन अँटोनियो: राहिलं नाही. सव्हाना तर आख्खं गळून पडलं, ओकासकट. मला वाटलं, एकही उरणार नाही, मी इथेच गाठी मारत म्हातारा होईन.

एक उरलं.

मोठं नाही. तुमच्या कुणाच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलं नाही. सहावीत असताना वर्गातल्या भिंतीवर त्याचं चित्र होतं आणि गणिताच्या तासाला मी त्याच्या रस्त्यांवरून फिरायचो. तू तेव्हा माझ्या शाळेतही नव्हतीस. मी ते इतकं विसरलो होतो की नाव आठवायलाही रात्र गेली. तिथे आत्ता झाडांना पालवी आलेली आहे, हे मी हवामानाच्या बातम्यांत बघितलं. आपल्या तळ्यावर मात्र अजून करड्या बर्फाचा तुकडा तरंगतोय.

मी दुकानात दहा दिवसांची रजा मागितली. मालक म्हणाला, “मुलगी?” मी म्हणालो, “नाही.” तो म्हणाला, “मग रजा कशाला?”

गाडीचं एक चाक मी बदललं. बाबा संध्याकाळी येऊन इंजिनाखाली डोकं घालून गेले आणि तेल ओतून गेले. कुठे जातोस, असं त्यांनी विचारलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगायला हवं, हे मला कळतं. माझ्या जिभेवर आहे. मागच्या ओळीत मी ते लिहिलं होतं आणि खोडलं. उजेडात धरून बघू नकोस, पेनाने चांगलं गिरवलंय.

कारण लिनिया, मी आजवर तुझ्यापुढे जेवढी शहरं घेतली ती सगळी बोलावणी होती. याचं नाव तुला सांगितलं तर मी तिथे पोचल्यावर पहिल्या चौकात उभा राहून रस्त्याकडे बघत बसेन. मला ते शहर बघायचंय.

हे पत्र निघण्याआधी इथल्याच पेटीत टाकतोय. तिथून टाकलं असतं तर शिक्क्यावरून तुला कळलं असतं, आणि मी त्याचीच वाट बघत बसलो असतो. व्हर्ना पोस्टाच्या दारात उभी आहे, पेटी रिकामी करायला. मला म्हणतेय, आवर.

रुडी